चारची उसळी

"बाई, टेकडीवरच्या केंद्राचे आकडे आजही बिघडणार. उद्यापर्यंत कारण सांगा, नाहीतर केंद्राला कुलूप." साहेबांनी फोन ठेवूनही दिला.

रविवार होता. तपासनीस बाईंची घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्या टेकडी चढल्या.

वीस वर्षं तिथलं यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होतं. महिनाभर मात्र रोज दुपारी चारला आकडा उसळायचा आणि दहा मिनिटांत खाली यायचा. सगळ्यांचं बोट पायथ्याच्या सिमेंट कारखान्याकडे.

केंद्र राखणारे काका एकटेच राहत. टेबलावर दोन कप मांडलेले.

"मी येणार हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दुसरा रोजच काढतो. न जाणो."

"चारला इथे कोण येतं?"

"इथे? वारासुद्धा पत्ता विचारत येतो, बाई!"

"गाडी? शेगडी?"

"गाडी महिन्यातून एकदा. शेगडी विजेची."

बाई गच्चीवर गेल्या. हवा आत ओढणारी नळी छातीइतक्या उंचीवर. शेजारी स्टूल. सगळीकडे बोटभर धूळ, स्टूल तेवढं लख्ख.

चार वाजले तेव्हा दोघं खाली चहा पीत होते. यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरळ.

"आज नाही उसळी," काका जरा घाईनेच म्हणाले.

"कशी असेल? तुम्ही माझ्यासमोर आहात." बाईंनी कप ठेवला. "कारखाना रविवारी बंद, तरी उसळी रविवारीही येते. काही जळत असतं तर कार्बन मोनॉक्साइडही वाढला असता. तोही इथे मोजला जातो, त्याचा आकडा जागचा हलत नाही. जळणाशिवाय कार्बन डायऑक्साइड सोडतो तो माणसाचा श्वास. काका, तुम्ही नळीशी बसता."

काकांनी कप बाजूला सरकवला.

"सहा वर्षं बिनचूक आकडे पाठवले. एक फोन नाही. महिन्यापूर्वी नळी पुसताना आकडा हलला, तर लगेच फोन. 'काका, सगळं ठीक ना?' प्रश्न यंत्राबद्दल होता, कळत होतं मला. तरी..."

तो फोन बाईंनीच केला होता. त्यांना मात्र तसं कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी अहवाल लिहिला: 'कारण, नळीजवळ माणूस. तेवढी दहा-दहा मिनिटं रद्द, बाकी नोंदी शाबूत. केंद्र चालू ठेवावं.' मग गच्चीवरचं स्टूल स्वतः खाली आणून फोनशेजारी ठेवलं.

"साहेबांचं मी बघते. उद्या चारला इथे बसा. फोन वाजेल."

"आकडे बरोबर असले तरी?"

"बरोबर असले तरी."