उत्तराचं कडवं

रविवारी दुपारी आईला घेऊन संग्रहालयात जायचं, हा धाकटीचा नेम होता. संगीताची आवड वगैरे काही नव्हती तिला. तिथल्या मधल्या दालनात दर रविवारी फुकट मैफल असे, कधी या देशाची, कधी त्या देशाची. दालन गार असे, खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि मुख्य म्हणजे गाणं सुरू झालं की आई शांत बसायची. तेवढा तासभर धाकटीला डोळे मिटता यायचे. कुठकुठल्या देशांच्या संगीतावर ती झोपली होती म्हणून सांगू! ढोल बडवोत की तुताऱ्या फुंकोत, हिची मान आपली खांद्यावर कललेली.

थकणारच ना. दोघी बहिणी, थोरली लग्न होऊन दूरच्या शहरात, ती फोनवरून काळजी करायची. आई धाकटीच्या वाट्याला. आईचं मन हळूहळू विझत गेलं होतं. आधी नावं गेली, मग माणसं, मग तोंडातला घास गिळायचा असतो हेही. बोलणं तर केव्हाच थांबलं होतं. एके काळी जिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, ती बाई खिडकीपाशी बसवली की संध्याकाळपर्यंत बसवल्या जागी. रात्री मात्र उठून दारं ढकलायची. धाकटी लाँड्रीवाल्याकडचे फाटके-उसवलेले कपडे घरी आणून नीट करायची. हात मशीनवर, कान आईकडे. आपण सलग अशी झोप शेवटची कधी घेतली, हे आठवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

त्या रविवारी दारावरच्या पहारेकऱ्याने नेहमीसारखी वाट करून दिली.

"या ताई. आजींची खुर्ची खांबापाशी ठेवलीय. आज नुसत्या बायका गाणार आहेत. वाद्य एकही नाही."

"बरं झालं. झोप तरी मोडणार नाही," धाकटी म्हणाली, आणि तो हसला.

बाहेर आभाळ भरलेलं होतं. दालनाच्या काचेच्या छतातून राखाडी उजेड झिरपत होता. फरशीला मेणाचा वास होता. भिंतीकडेच्या पेट्यांतले दगडी चेहरे नेहमीसारखे कुणाकडेच बघत नव्हते. मधल्या चौथऱ्यावर जाड लोकरीच्या कपड्यांतल्या चार बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला चष्मा लावलेली दुभाषी बाई.

"हे गाणं म्हणजे एक हाक आहे," दुभाषी सांगू लागली. "यांच्या डोंगरात माणूस बर्फात हरवला, की घरातल्या बायका दारात उभ्या राहून त्याला हाक घालतात. देह सापडो न सापडो, त्याने घरी यावं म्हणून..."

पुढचं धाकटीने ऐकलं नाही. बायकांचे आवाज उठले, खालून वर, वरून आणखी वर, जणू कुणीतरी चढण चढतंय. तिचे डोळे मिटले.

जाग आली ती शांततेने. चौघी थांबल्या होत्या, आणि तरी एक आवाज गातच होता. कोवळा, स्वच्छ, ओल्या दगडासारखा थंड. तो अगदी जवळून येत होता. धाकटीने मान वळवली. आई उभी होती. वर्षानुवर्षं वाकलेली पाठ ताठ होती, तोंड उघडं होतं, आणि तोंडातून शब्दांबरोबर वाफ बाहेर पडत होती, कडाक्याच्या थंडीत पडते तशी.

गाणं संपलं. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौघींतली सगळ्यात म्हातारी गायिका मात्र चौथऱ्यावर मटकन खाली बसली होती.

नंतर बाजूच्या बोळात दोघी म्हाताऱ्या बाकावर बसल्या, एकमेकींचे हात हातात घेऊन. बोलत होत्या. आई बोलत होती! भरभर, हसत, मध्येच रडत. त्यातला एकही शब्द धाकटीला कळत नव्हता. दुभाषीचा चेहरा उतरला होता.

"ताई, तुमच्या आई कधी यांच्या डोंगराकडे राहिल्या होत्या?"

"छे हो. या शहराबाहेर पाऊल नाही टाकलं कधी."

"मग..." दुभाषीने आवाज खाली आणला. "त्यांनी जे कडवं म्हटलं ना, ते आमच्या या बायका कधीच म्हणत नाहीत. हाकेनंतर थांबतात. पुढचं कडवं हाक घालणाऱ्याचं नसतंच. ते उत्तर असतं. जो परत येतो... तो म्हणतो."

धाकटीने बाकावरच्या दोघींकडे पाहिलं.

"यांची मोठी बहीण लहान वयात डोंगरावर गेली होती. बर्फ पडलं. सापडली नाही. या म्हणतात, हा तिचा आवाज आहे."

म्हातारी गायिका उठून धाकटीपाशी आली. तिने बराच वेळ हळू आवाजात काही सांगितलं. दुभाषी एकेक वाक्य अडखळत सांगत गेली.

"त्या म्हणतात, घर रिकामं होतं, दार उघडं होतं, म्हणून ती आत आली. तिची चूक नाही. पण तुमची आई उंबऱ्याबाहेर राहिली आहे... पुढच्या रविवारी इथेच आमचा शेवटचा कार्यक्रम. हाक उलटी घालता येते. आणलंत तर ही जाईल, आणि तुमची परत येईल. नंतर नाही जमणार. त्या म्हणतात, माझी बहीण जावी असं मला वाटत नाही. पण आई तुमची आहे. तुम्ही ठरवा."

घरी जाताना आईचा हात धरावा लागला नाही. तीच पुढे चालत होती.

तो आठवडा कसा गेला, ते धाकटीने कुणाला नीट सांगितलंच नाही. सांगणार तरी काय? पहिल्या रात्री दार ढकलल्याचा आवाज आला नाही आणि ती मेल्यासारखी झोपली. उठली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलेलं, चहा तयार, आणि आईच्या देहातली ती बाई मशीनपाशी बसून एका कोटाची बाही शिवत होती. चष्म्याशिवाय. टाका असा बारीक आणि तिरका की धाकटीने आयुष्यात पाहिला नव्हता. तिने धाकटीकडे बघून मान डोलावली आणि बसायला खूण केली. मग तिच्या केसांतून हात फिरवला. आईने असं कधी केलं नव्हतं, बरी होती तेव्हासुद्धा.

हात मात्र गार होता. पांघरुणात, उन्हात, कशातही तो ऊबदार व्हायचा नाही. तिने कप हातात घेतला की चहा बघता बघता निवायचा. घरातल्या सगळ्या खिडक्या ती सताड उघडून ठेवायची.

थोरलीचा फोन आला.

"आई स्वतः जेवते? अगं, मग आनंदाचीच गोष्ट आहे की! बोलते का काही?"

"बोलते."

"काय म्हणते?"

"कळत नाही गं."

"बडबडत असेल काहीतरी. तू आधी झोप घे बघू. आवाज बघ कसा झालाय तुझा."

"झोपते हल्ली," धाकटी म्हणाली. एवढंच.

रविवार उजाडला. दुपारी तिने आईचे बूट काढून दाराशी ठेवले. ती बाई बुटांकडे बघत राहिली. तिला काय ते समजलं असावं. तिने आरडाओरडा केला नाही, हात जोडले नाहीत. बूट उचलून परत जागेवर ठेवले, आणि धाकटीच्या समोर जमिनीवर बसून तिची पावलं मांडीवर घेतली आणि चोळू लागली. गार, मऊ हातांनी. सुजलेल्या घोट्यांवरून, टाचांच्या भेगांवरून.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जायला हवं, आई बाहेर आहे, असं ती मनात म्हणत होती. जरा पडते आणि निघते, असंही. तिने थोरलीला पुढे सांगितलं की त्या दिवशी डोळा लागला आणि वेळ निघून गेली. डोळा लागला हे खरंच. पण मोबाइलचा गजर वाजला होता, आणि तो तिने स्वतःच्या बोटाने बंद केला होता.

जागी झाली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. अंगावर शाल होती. स्वयंपाकघरातून कुणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर ती संग्रहालयात गेली नाही. तिचं वजन भरलं, डोळ्यांखालची वर्तुळं गेली. बायका विचारायच्या, "काय, तब्येत सुधारली हो तुमची!" ती हसायची. दोघी दिवसभर समोरासमोर बसून शिवत. शब्दांवाचून काही अडत नव्हतं. हल्ली धाकटीच्या हातातला चहाही बघता बघता निवायचा. कधीतरी जेवताना दाराबाहेर चाहूल लागल्यासारखं व्हायचं, तेव्हा ती उठून कडी नीट बघायची आणि परत जेवायला बसायची.

थंडी सुरू झाली, आणि एका दुपारी मोबाइलवर दुभाषीचा निरोप आला. नंबर तिने त्या रविवारीच घेऊन ठेवला होता.

'ताई, आमच्या म्हाताऱ्या बाई गावी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारल्या. त्यांच्या घरामागच्या उतारावरून हल्ली आवाज येतो. तिथे बर्फाशिवाय काही नाही. गावातल्या कुणाला ती भाषा कळत नाही, म्हणून त्यांनी आवाज टिपून मला पाठवला. मला वाटतं, ती तुमची भाषा आहे. ऐकून सांगाल का?'

धाकटीने मशीन थांबवलं. समोरची बाई खाली मान घालून काज करत होती.

आधी नुसता वारा होता. बराच वेळ वाराच. मग त्यातून आईचा आवाज आला, तिचा जुना, खणखणीत, कुणाचं न ऐकणारा आवाज, आता चिरकत चाललेला.

"धाकटे... अगं ए धाकटे... इथं फार गारठा आहे गं. दार कुठंय? मला दिसत नाही... कुणीतरी घरी न्या मला..."

वारा. पुन्हा हाक. पुन्हा वारा. धाकटीचा अंगठा पडद्यावर टेकला, पण बंद करायचं बळ त्यात येईना.

आणि अगदी शेवटी, आवाज तुटायच्या आधी, त्याच उतारावरून, आईच्या जरा खालच्या अंगाने, दुसऱ्या एका बाईने ओ दिली. ती दमलेली होती, धापा टाकत होती, बर्फातून चढत असावी.

"आले गं आई... थांब, आलेच."

तो आवाज धाकटीचा होता.