चाळिसावं वाक्य

वेदिका, ती मेणबत्ती जरा लांब ठेव, डोळ्यांवर येते. तनय, तुझा फोन पालथा घाल. लाईट गेले तर गेले, येलहंक्यात त्याचं काय नवल? गोष्ट हवी आहे ना? मग ऐका. भुताची म्हणून नका ऐकू. माझ्या मित्राची म्हणून ऐका.

विद्याधर माझ्याबरोबर बत्तीस वर्षं नोकरीला होता. सरकारी कारखान्यात आम्ही रडार बनवायचो. दोनशे किलोमीटरवरचं विमान कुठे आहे ते हा माणूस सांगायचा, आणि जे. पी. नगरला मेव्हण्याकडे निघाला की दर वेळी चुकायचा. शेजारी बायको असायची, सुलभावहिनी. "अहो, डावीकडे. अहो, हे नव्हे, पुढचं वळण." असाच संसार चालला, पस्तीस वर्षं.

मग वहिनींना तो आजार झाला. डॉक्टर म्हणाले, एखादं वर्ष. वहिनी रडल्याबिडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भावजी, माझ्यामागे यांना रस्ता कोण सांगणार?"

म्हणून ते यंत्र घ्यायचं ठरलं. २०१२ साल. विद्याधरचा फोन बटणांचा, तेव्हा काचेला चिकटवायचा जीपीएस हवा होता. त्याने नेहमीप्रमाणे तक्ता केला. पडदा केवढा, नकाशे किती जुने, बॅटरी किती टिकते. तीन दुकानं झाली. मी बरोबर होतो, पाय दुखून आले. वहिनींचा मात्र प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "यात आपला आवाज घालता येतो का?" तिसरा दुकानदार म्हणाला, "आगत्ते सार, स्वल्प सेटिंग अष्टे." थोडं सेटिंग केलं की झालं, म्हणे. घेतला तोच.

रविवारी त्यांच्या जेवणाच्या खोलीत आम्ही वहिनींचा आवाज घेतला. खिडक्या बंद, पंखा बंद, घाम नुसता. मी माइक धरून बसलो होतो. चाळीस वाक्यं. आणि इथे विद्याधरमधला इंजिनियर जागा झाला. एक वाक्य दोन सेकंदांत बसलं पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "अहो, डावीकडे वळा." हा घड्याळ बघून म्हणतो, "लांबलं. 'अहो' काढ."

"अहो म्हटल्याशिवाय मला तुम्हाला काही सांगताच येत नाही."

"मला नाही सांगायचं. यंत्रात सांगायचंय."

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. त्याचं आजही वाईट वाटतं. मग त्यांनी चाळीसही वाक्यं कोरडी म्हटली. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. शेवटचं होतं, आपण पोहोचला आहात.

आणि त्यातलं काहीच यंत्राने घेतलं नाही. कंपनीने दिलेले आवाज तेवढे चालतील, बाहेरची फाइल चालणार नाही. विद्याधर तीन महिने झगडला. सील तोडलं, वॉरंटी घालवली, आतही कुलूपच. वहिनींना शेवटपर्यंत सांगत राहिला, "होईल गं, एक दोन दिवसांत होईल." ते काही झालं नाही. २०१३च्या जानेवारीत त्या गेल्या.

वहिनींचा आवाज होता ते मेमरी कार्ड त्याने कपाटात ठेवलं. ऐकलं नाही कधी. मी म्हटलं, घरी कॉम्प्युटरवर ऐक की. तर म्हणाला, "ऐकून काय करू? त्यात 'अहो' नाही. मीच काढायला लावलं." पुढची जवळजवळ पाच वर्षं तो एकटाच गाडी चालवत होता. काचेवर तेच यंत्र, त्यात ती इंग्रजी बाई, टर्न लेफ्ट, टर्न राइट. बॅटरी मेलेली, तेव्हा वायर लावली तरच चाले. हातांना चाळा म्हणून गाडीतही काहीबाही बदलत बसे. इंडिकेटरला नव्या तऱ्हेचा बल्ब बसवला, तेव्हापासून डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकायचा. टिकटिकटिकटिक. गल्लीत शिरला की आम्हाला घरात बसून कळायचं, विद्याधर आला.

आता ती रात्र. १७ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार. त्याची मुलगी शलाका चेन्नईला नोकरीला. तिला के. आर. पुरमच्या स्टेशनवर सोडायला गेला. अकराच्या सुमारास गाडी सुटली. ती म्हणाली, "बाबा, पोहोचलात की फोन करा." हा हो म्हणाला आणि निघाला. शेजारची सीट रिकामी. रिंग रोडला धुकं. पुढे हेण्णूरच्या चौकाशी सिग्नलला थांबला. घड्याळात अकरा चाळीस.

इंग्रजी बाई म्हणाली, टर्न... आणि थांबली.

मग आवाज आला.

"अहो, उजवीकडे."

विद्याधर हलला नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्याने गाडी वळवली, बाजूला घेतली. त्याने वायर उपटली. पडदा काळा झाला. वायर त्याच्या हातात होती, तनय. हातात.

"अहो, इथे नका थांबू. अंधार आहे."

रस्त्यावर कुणी नाही. शेजारच्या सीटकडे त्याने पाहिलं नाही. नंतर मला म्हणाला, "पाहिलं असतं आणि सीट रिकामी निघाली असती, तर?"

तो चालवत राहिला. सरळ. मग डावीकडे. आवाज यायचा, वळण यायचं. घर दोन किलोमीटरवर आलं, आणि त्याच्या लक्षात आलं. घरी पोहोचलो की संपलं. पोहोचलेल्या माणसाला रस्ता कोण सांगेल?

ती म्हणाली, "अहो, डावीकडे."

तो मुद्दाम उजवीकडे वळला.

थोडा रस्ता मागे पडला.

मग, "अहो... चुकलात."

तो रडायला लागला. आणि पुन्हा चुकला. पुन्हा. बाराला चुकला, एकला चुकला. त्याच तळ्याला तीन फेऱ्या, त्याच बंद पेट्रोल पंपावरून चार वेळा. शलाकाचे फोन वाजून बंद झाले. भीती केव्हाच गेली होती, म्हणाला. फक्त एकच वाटत होतं, ही गप्प बसू नये.

दोन वाजले. आवाज कमी येऊ लागला.

"अहो..."

आणि पुढे काही नाही.

"अहो... दमले मी."

तेव्हा तो घराकडे वळला. न चुकता. गल्ली आली. डावा इंडिकेटर लावला. फाटकाशी गाडी उभी राहिली.

"अहो, घर आलं. उतरा आता."

बस. पुढे काही नाही. दोन वाजून वीस मिनिटं. तो पहाटेपर्यंत तसाच गाडीत बसून होता. साडेपाचला फिरायला निघालो तर मला दिसला. काच खाली केली, सगळं सांगितलं, घरात गेला आणि कपाटातलं ते कार्ड आणून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "तू ऐक. मला धीर नाही."

मी घरी येऊन ऐकलं. एकोणचाळीस वाक्यं तशीच, कोरडी. मी घेतली होती तशी. म्हटलं, बिचारा, एकटेपणाने डोकं फिरलंय. मग चाळिसावं लावलं. तारीख तीच, २०१२ची. रविवारची दुपार.

"अहो, घर आलं. उतरा आता."

संध्याकाळी विद्याधर आला. उंबऱ्यातच उभा राहिला. एवढंच विचारलं, "'अहो' आहे का रे त्यात?"

मी हो म्हटलं. तो मान हलवून गेला. कार्ड मागितलं नाही, आजवर नाही. मुलीकडे चेन्नईला असतो आता, गाडी विकली.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. आवाज घेतला ती खोली बंद होती, पोरांनो. पंखासुद्धा बंद होता, माइक माझ्या हातात होता. त्या वाक्याच्या मागे एक बारीक आवाज आहे. घाईघाईचा. टिकटिकटिकटिक.

कार्ड आत माझ्या टेबलाच्या खणात आहे. लाईट आले की ऐकायचं असेल त्याने ऐकावं. मी इथेच बसतो.