हरवलेले साठ किलोमीटर

एक मोटर होती तेव्हा गाडी ताशी ऐंशी किलोमीटर धावली. काल दोन बसवल्या, तर शंभर. एकशेसाठ नकोत का भरायला? मधले साठ गेले कुठे?

शाल्मली वाळलेल्या मिठागरात तिच्या हातभर लांब गाडीपुढे उकिडवी बसली होती. मोटर्स जुन्या टपाल-ड्रोनच्या. आज एकशेदहा गाठले, तरच मंगळ-वाहन शिबिरात जागा होती.

"आजोबा, तिसरी मोटर बसवू?"

आजोबा निवृत्त विमानशास्त्रज्ञ. कीर्तनही करत, त्यामुळे साधं उत्तर त्यांना देववायचंच नाही.

"ऐका हो श्रोते! पहिलं महायुद्ध संपलं आणि विमानांची इंजिनं उरली. वजनाच्या मानाने ताकद अफाट. वेगवेड्यांनी ती उचलून मोटारगाडीत घातली. कुणी एक, कुणी दोन, कुणी तर तीन! पण वेग काही तिप्पट होईना. का?"

"वायुरोध (हवेचा अडथळा)?"

"शाब्बास! आता नीट बघ. वेग दुप्पट केलास की दर सेकंदाला दुप्पट हवा आडवी येते. आणि तीही दुप्पट जोराने आदळते. म्हणजे अडथळा?"

"चौपट."

"आणि त्या चौपट अडथळ्यातून सेकंदाला दुप्पट अंतर रेटायचं. म्हणजे ताकद?"

शाल्मलीने बोटांवर मोजलं. "आठपट! बाप रे. मग दोन मोटर्सच्या दुप्पट ताकदीने वेग जेमतेम सव्वापट. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा, जवळजवळ दोनच."

"ऐंशीचे शंभर. हरवलं काहीच नाही, बाळ. हवेने घेतलं."

शाल्मलीने गाडीकडे निरखून पाहिलं. काल आईने रीतसर पूजा केली होती. नाकावर झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची, पाठीवर फडफडणारी पताका. आणि हवा तर नेमकी त्यांच्यावरच आदळत होती.

"आजोबा… काढलं तर देव रागावेल?"

"पूजा झाली ना मनापासून? मग देवाला पोचली. घाल तो हार माझ्या गळ्यात. बुवांना हार शोभतो."

तिने सगळं हळूच उतरवलं आणि नाकाला निमुळतं पुठ्ठ्याचं टोपण बसवलं.

गाडी सुटली. पांढऱ्या मिठावर नुसती एक रेघ दिसली. शिबिराने पंच म्हणून पाठवलेला यंत्रमानव म्हणाला, "एकशेसोळा."

"जिंकलो!" शाल्मलीने उडीच मारली.

"थांबा," यंत्रमानव म्हणाला. "वारा पाठीमागून होता. आता उलट दिशेने धावा. दोन्हींची सरासरी धरतात. विक्रमांचा जुनाच नियम आहे."

तिचं तोंड उतरलं. "हे काय आजोबा!"

"वाऱ्याने मघाशी दिलं, ते परत मागणारच. त्याशिवाय गाडीचं स्वतःचं किती, हे कसं कळायचं?"

परतीला गाडी वाऱ्याशी झगडत आली. एकशेपाच.

शाल्मली पुटपुटत बेरीज करू लागली. एकशेसोळा आणि एकशेपाच… दोनशेएकवीस… अर्धे…

"एकशेसाडेदहा!" ती किंचाळली.

आजोबांनी टाळ्या पिटल्या. हारातले झेंडू मिठावर सांडले.

जरा वेळाने ती विचारात पडली. "मंगळावर तर हवा अगदी विरळ. मग तिथे वेगाला कोण अडवणार?"

"तिथे वजनही कमी भरतं. चाकं जमिनीला घट्ट धरतील का?"

"मग काय करायचं?"

आजोबा सांडलेले झेंडू वेचू लागले. "खरं सांगू? मला ठाऊक नाही गं."

शाल्मलीने वही उघडली. "बरं. शिबिरातून कळवते तुम्हाला."