कारंज्याचं हिरवं पाणी

श्रीलक्ष्मीबाईंनी बटण दाबलं आणि कारंजं हिरवंगार उडालं.

शेवाळासारखं मळकट नव्हे, उन्हात डोळे दिपवणारं हिरवं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हरित कार्यालयाचा सोहळा म्हटल्यावर त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

'वसुंधरा सल्लागार' ही हुमनाबादजवळची कंपनी. पाणी कसं वाचवावं हे ती साखर कारखान्यांना शिकवायची. यंदा मालक प्राणेश यांनी स्वतःच्या कार्यालयापासून सुरुवात केली होती. कागदी कपांऐवजी पितळी पेले आले, मागं कंपोस्टचा ढीग आला, आणि कारंज्यापासून संडासापर्यंत सगळं म्हणे निव्वळ पावसाच्या पाण्यावर. ते तपासून प्रमाणपत्र द्यायला श्रीलक्ष्मीबाई बंगळुरूहून आल्या होत्या.

कंपनीत शाश्वतता विभागही होता. त्यात प्रमुख रूपाली आणि एक कुंडी.

रूपालीचा एक हिशेब बाकी होता. दोन वर्षांपूर्वी इथल्या भूवैज्ञानिकानं, रत्नपालनं, जवळच्या निर्णा गावच्या विहिरी आटायल्यात असा अहवाल दिला होता. जमिनीतलं पाणी कुठून कुठं जातं याचा माग काढण्यात त्याचा हातखंडा. प्राणेशनी त्याला काढून टाकलं, अहवालातला निष्कर्ष उलटा केला आणि खाली रूपालीची सही ठोकून दिली. तिला न विचारता. निर्ण्यात तिला अजून कुणी पाणी विचारत नव्हतं.

"नागनाथ!" प्राणेश गरजले. "कारंज्याच्या हौदाची किल्ली कुणाकडं?"

"माझ्यापाशी, साहेब." चौकीदार पुढं आला. "पर मी कामून रंग घालू?"

"ते पोलीस विचारतील. रूपाली, तक्रार लिही. सही तुझी. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"अर्धा तास द्या, सर. पाण्याचा गुन्हा आहे, माझ्याच विभागात येतो."

ती आधी नागनाथकडं वळली.

"अण्णा, हात दाखवा."

हात स्वच्छ होते. तळव्यावर तेवढी तंबाखू.

"रात्री कुठं व्हता?"

"घरी. साहेबच म्हणले, जा, निवांत झोप. सहा वर्षांत पहिल्यांदा माया आली त्यांना."

"बाई, काल तुम्ही हौद बघितला?"

"संध्याकाळी," श्रीलक्ष्मीबाई म्हणाल्या. "अर्धा होता. पाणी नितळ. झाकणाला लाखेचं सील लावलं, ते अजून तसंच आहे."

"आणि आता काठोकाठ!" प्राणेश मधेच म्हणाले. "रात्री धो धो कोसळला. गच्चीवरून पाइपानं थेट हौदात. यानं त्या पाइपातच काहीतरी ओतलं असणार. गच्चीची किल्लीही याच्याचकडं."

रूपाली गच्चीवर गेली. त्या पाइपाच्या तोंडात पारवीनं घरटं केलं होतं. सकाळीच प्राणेशनी ते पाहुण्यांना जैवविविधता म्हणून दाखवलं होतं. पारवी अंड्यांवर बसली होती. काड्या कोरड्या.

मग ती मागच्या अंगाला गेली. रात्रीच्या चिखलात रुंद चाकांचे माग होते, थेट कंपोस्टच्या ढिगापर्यंत. तिनं काठीनं ढीग सारला, खाली वाकून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

तिनं एक फोन केला.

"रत्नपाल, कारंजं बघायला येताव का? बघण्यासारखं झालंय."

रत्नपाल आला तेव्हा मांडवात सगळे खोळंबले होते. त्याची नखं हळद लावल्यासारखी पिवळी होती.

"किल्लीचा प्रश्नच नाही," रूपाली म्हणाली. "सील शाबूत, म्हणजे झाकणातून काही गेलं नाही. रात्रभर पाऊस पडूनही पाइपातलं घरटं कोरडं, म्हणजे त्यातून थेंबही गेला नाही. गच्चीचा उतार गटाराकडं आहे. पाइप शोभेचा."

श्रीलक्ष्मीबाईंनी चष्मा पुसला.

"तरी अर्धा हौद रात्रीत भरला. कारण कंपोस्टखाली एक नळी आहे, हौदात उतरते. तिच्या तोंडाशी हिरवे थेंब आहेत. समोर टँकरच्या चाकांचे माग. म्हणून नागनाथअण्णांना सुट्टी. रंग हौदात कुणी घातलाच नाही, बाई. पाणी येतानाच हिरवं आलं."

"कुठून?"

"निर्ण्याहून," रत्नपाल म्हणाला. "यांच्याकडं कुणी पाहुणा यायचा असला की आदल्या रात्री यांचा टँकर आमची विहीर खरवडून न्यायचा. हा पाण्याचा माग काढायचा रंग असतो. पूड केशरी, पाण्यात हिरवी. अपाय काही न्हाई, फक्त हाताचं लवकर जात न्हाई."

"ऐकलंत?" प्राणेश उसळले. "कबूल केलं यानं! पोलिसांना बोलवा!"

"बोलवा की, साहेब." रत्नपालनं खुर्ची ओढली. "विहीर माझ्या आईची, चांगुणाबाईची. रंग मी टाकला. वस्तीला सांगून टाकला, दोन दिस नळाचं प्या म्हणून. तो तुमच्या हौदात कसा आला, तेवढं तक्रारीत लिहा."

प्राणेशनी श्रीलक्ष्मीबाईंकडं पाहिलं. त्या प्रमाणपत्र पिशवीत परत घालत होत्या.

रूपालीनं कोरा कागद प्राणेशपुढं सरकवला. वर पेन ठेवलं.

"लिहा, सर. साक्षीदार म्हणून सही माझी. या खेपेला मी स्वतः करते."