दोन रायफलींचा डबा

एल्डन हंटलीच्या घरात मागच्या दाराने शिरलं की बूट काढायची अरुंद खोली होती. तिथल्या फळीवर, गुरांच्या औषधांच्या बाटल्या आणि ग्रीसची बरणी यांच्यामध्ये, एक हिरवा पत्र्याचा डबा असायचा. मूळचा तो मासे धरायच्या गळांचा, पण त्यात गळ एकही नव्हता. त्याच्या छोट्या छोट्या खणांत रायफलीचे सुटे भाग होते: स्प्रिंगा, स्क्रू, उडालेलं काडतूस ओढून बाहेर काढणारा आकडा, आणि मधल्या लांबट खणात तेलकट कागदात गुंडाळलेली फायरिंग पिन. चाप ओढला की ही पोलादी पिन पुढे जाऊन काडतुसाच्या बुडावर टोचा मारते. ती मोडली की रायफल म्हणजे नुसतं दांडकं. मोंटानात, बिग होलच्या खोऱ्यात, थंडी अशी पडते की पोलादही काचेसारखं ठिसूळ होतं. सुट्या भागांचं दुकान डिलनला, म्हणजे बर्फ नसेल तर दीड तासावर, आणि बर्फ असेल तर एप्रिलात. म्हणून खोऱ्यात प्रत्येकाच्या घरी असा एखादा डबा असतोच.

एल्डनचा डबा वेगळा एवढ्यासाठी की तो दोन रायफलींचा होता. एल्डन आणि ऑरिन हे जुळे भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात दोघांनी डिलनला लॉइडच्या दुकानातून एकाच बनावटीच्या दोन रायफली घेतल्या. हौसेपेक्षा हिशेब मोठा होता: सुट्या भागांचा एकच साठा दोघांना पुरावा. याचा स्क्रू त्याला बसे, त्याचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, याला. भाऊही तसेच होते. हातमोजे, बूट, टोपी कोणाची हे त्या घरात कोणी विचारत नसे. एल्डनची बायको मेविस लग्नाच्या जेवणातच म्हणाली होती, "देवाने एक घडवला आणि एक जादाचा करून ठेवला. जादाचा कोणता, ते कोणी मला सांगेल का?"

"तो," दोघेही एकदम म्हणाले होते.

डब्याचा नियम ऑरिनने घातलेला. नवा भाग आधी काढून घ्यायचा, आणि मग जुना, मोडका भाग त्याच खणात ठेवायचा. मोडका ज्याच्या नजरेला पडेल त्याने नवा आणायचा. एकमेकांना सांगण्याची भानगड नाही. ऑरिनला ते सोयीचं होतं, कारण तो मुळातच घुमा. लग्न केलं नाही, मैलभर वर ओढ्याकाठच्या लाकडी खोपटात एकटा राहायचा. मनात आलं की मागच्या दाराने येऊन हवं ते घेऊन जायचा. तो येऊन गेला हे डब्यातल्या मोडक्या स्प्रिंगेवरून कळायचं, नाहीतर कॉफीचं भांडं रिकामं दिसलं की.

ज्या नोव्हेंबरात तो गेला, त्या सकाळीही तो कॉफीला आला होता. उजव्या हाताच्या मोज्याचं पहिलं बोट, चापावर ठेवायचं ते, त्याने कापून टाकलं होतं. आदल्या हिवाळ्यात त्याचं ते बोट बर्फाने धरलं, काळं पडलं, तेव्हापासून नीट वळत नव्हतं.

"डॉक्टरकडे जा," मेविस म्हणाली.

"डॉक्टर कापून टाकेल. अडलं की मधलं बोट वापरतो मी," ऑरिन म्हणाला. पावाचे दोन तुकडे खिशात घालून तो कड्याच्या बाजूला एल्क, म्हणजे तिकडचं मोठं सांबर, मारायला गेला. दुपारी बर्फ सुरू झालं ते थांबलंच नाही. सारं खोरं शोधायला निघालं. घोडे, कुत्री, शेरिफची माणसं. वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. ऑरिन सापडला नाही, आणि त्याची रायफलही नाही.

आईबापांच्या थडग्यांशेजारी त्याच्या नावाचा दगड बसवावा असं मेविसचं म्हणणं होतं. एल्डनने साफ नकार दिला.

"रायफल सापडू दे. माणसाला अस्वल नेईल. रायफल कोण खातं?"

पहिली काही वर्षं मेविसने पुन्हा विषय काढला नाही.

मग एका सप्टेंबरात एल्डनने रायफल साफ करायला डबा उघडला, आणि चापाच्या स्प्रिंगेच्या खणात जुनी, मरगळलेली स्प्रिंग पडलेली दिसली. नवी नव्हती. त्याने आपली रायफल उघडून पाहिली. तिची स्प्रिंग जागच्या जागी, ठणठणीत. वय झालं, आपणच कधी बदलली असेल, असं म्हणून त्याने नवी आणून ठेवली. पुढल्या महिन्यात आकडा मोडलेला निघाला. मोड ताजा होता, आतलं पोलाद चकचकीत होतं.

एल्डन हिशेबी माणूस. त्याने नव्या आकड्याला कानशीने बारीकशी खूण केली, डबा बंद केला आणि मेविसला विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "तुझ्या त्या भंगाराला हात लावून मी काय करू, कानात घालू?"

आठवडाभराने खूण केलेला आकडा गेला होता. त्याच्या जागी दुसरा, झिजलेला, बिनखुणेचा होता.

त्या दिवशी एल्डन गोठ्यामागे जाऊन रडला. आनंदाने रडला, हे सांगायला हवं. ऑरिन जिवंत होता. डोक्यावर काही परिणाम झाला असेल, माणसांत यायची लाज वाटत असेल, कड्यावर कुठे गुहेत राहत असेल. पण रायफल चालवत होता आणि डब्याचा नियम पाळत होता. एल्डनने डब्याशेजारी कॉफीची पुडी ठेवली, लोकरी मोजे ठेवले, उजव्या हाताचं पहिलं बोट कापलेला हातमोजा ठेवला. त्यांना कोणी शिवलं नाही. कॉफी तशीच राहिली आणि तिला बुरशी आली. ही गोष्ट एल्डनला जरा खटकली, कारण ऑरिनने कॉफी सोडली असती यावर त्याचा विश्वास बसेना. डब्यातले भाग मात्र जात राहिले.

"उन्हाळाभर खारी मारतोस की काय?" लॉइड दुकानात म्हणाला. "एवढं सामान फौजेला लागत नाही. आणि ऐक, ही पिन शेवटची. कंपनीने ही बनावट कधीच बंद केलीय. कपाटाच्या मागे पडलेली होती म्हणून मिळतेय तुला."

"एक पुरे," एल्डन म्हणाला.

घरी मेविसने कपाळाला हात लावला. "ती खिशात ठेव, एल्डन. हिवाळ्याचं मांस तुझ्या रायफलीवर येतं, त्याच्या नाही."

"डब्यातच राहील ती."

"मग माझ्यासमोर राहू दे. दिवसभर बघते मी कोण येतं ते. आणि कोणी आलं नाही, तर हे नसतं खूळ तू डोक्यातून काढायचंस."

एल्डन कबूल झाला. ती पिन खणात ठेवताना दोघांनीही पाहिली. मेविसने डबा स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतला आणि त्याच टेबलावर पावाचं पीठ मळलं, सफरचंदं सोलली, मटार निवडले. एल्डन गवताच्या गंजीवर होता. संध्याकाळी तो हात धुऊन आला तेव्हा ती तशीच डब्यासमोर बसली होती.

"उठलेसुद्धा नाही मी," ती म्हणाली. "पीठ पण बसल्याजागी मळलं. उघड."

त्याने उघडला. तेलकट कागद नीट घडी करून बाजूला ठेवला होता. खणात टोक मोडलेली पिन होती, आणि तिच्यावर हाताला लागेल इतका गारवा होता.

मेविस बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिली. त्यानंतर तिने त्या डब्यावरून चेष्टा कधी केली नाही.

आता आणायला काही उरलं नव्हतं, आणि खणात मोडकी पिन तशीच पडून होती. मोडका दिसला की नवा आणायचा. एल्डनने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी त्याने आपल्या रायफलीची पिन काढून डब्यात ठेवली.

ती गेली. मग त्याच्या चापाची स्प्रिंग गेली, मग आकडा. शेवटी त्याने अख्खा बोल्टच काढला. तो कुठल्याच खणात मावत नव्हता, म्हणून त्याने तो डब्यावर ठेवला. मेविस दारात उभी राहून बघत होती.

"आता तुझ्या रायफलीत काय राहिलं?"

"लाकूड आणि नळी."

"आणि आपण खायचं काय?"

"गाय कापू एक." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ आहे माझा तो, मेविस. त्याच्याकडची बंद पडली आणि समोर अस्वल आलं, तर?"

 तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी डब्यावर ऑरिनचा बोल्ट होता. एल्डनने तो उचलला आणि खिडकीपाशी नेला. बोल्ट गंजून एकजीव झाला होता. लाल पापुद्रे बोटांना लागत होते. खाचांत काळी माती घट्ट बसली होती, आणि त्या मातीत पाइनच्या मुळाचा केसाएवढा तंतू शिरून पलीकडून बाहेर आला होता. असं मूळ यायला वर्षं लागतात. हा बोल्ट काल कोणी वापरत नव्हतं. तो कितीतरी हिवाळे जमिनीखाली होता.

एल्डन खिडकीशी उभा राहिला. गेली दोन वर्षं जी आशा त्याने उराशी धरली होती, ती तिथे उभ्याउभ्या संपली. तिच्या जागी आता भीती होती.

"दगड बसवायला सांग," तो मेविसला म्हणाला. "नाव आणि साल. बाकी काही नको."

दगड बसला. पाद्री आला, शेजारीपाजारी आले, कोणीतरी बटाट्याचं सॅलड आणलं. लॉइडही डिलनहून आला आणि टोपी काढून उभा राहिला. आता डब्यातलं भंगार ओढ्यात टाकायचं आणि डबा मेविसला बटणं ठेवायला द्यायचा, असं एल्डनने परत येताना गाडीत ठरवलं. ते ऐकून मेविसचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्याच्या हातून कप निसटला. उजव्या हाताचं पहिलं बोट बधिर झालं होतं. चोळलं तरी ऊब येईना.

"म्हातारपण," मेविस म्हणाली. "पूस ते, आणि डब्याचं काय ते उरकून टाक."

त्याने डबा टेबलावर आणून उघडला. मोडक्या स्प्रिंगा होत्या, मोडका आकडा होता.

मधल्या लांबट खणात मात्र पिन नव्हती.

तिथे लहानशी तीन हाडं होती, एकापुढे एक, ओळीने मांडलेली. एल्डनने जन्मभर एल्क आणि हरणं सोलली होती, हाड कशाचं हे त्याला विचारावं लागत नसे. ही जनावराची नव्हती. शेवटचं सगळ्यांत लहान, आणि त्याची एक बाजू काळी पडून झडली होती, बर्फाने धरल्यासारखी.

ऑरिनचं बोट होतं ते.

आधी नवा काढून घ्यायचा. मग जुना ठेवायचा. ऑरिनने हा क्रम कधीच चुकवला नव्हता.

एल्डनने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. बाकीची चार बोटं त्याची होती. पहिलं बोट त्याने न हलवताच हळूच हललं. ते थोडं आत वळलं आणि तिथेच थांबलं. नेम धरून श्वास रोखलेला माणूस चापावर बोट असंच थांबवतो. मग ते उरलेलं अंतर वळलं.

कड्याच्या बाजूने बार ऐकू आला. त्या बनावटीच्या रायफलीचा आवाज एल्डनने हजारांत ओळखला असता.

मोरीशी पाठमोऱ्या उभ्या मेविसने नळ बंद करून कान दिला. "एकच बार. कोणाला तरी मिळालं वाटतं."

"हो," एल्डन म्हणाला.

बोट सावकाश सरळ झालं. थोड्या वेळाने ते पुन्हा वळू लागलं.