परत पाठवलेला पावणा

ही घटना अक्षरन् अक्षर खरी आहे. ज्याच्यावर बेतली, तो शिवाजी पेठेतला हुसेन जन्मात कधी खोटं बोलला नाही.

एकदाच बोलला. एकोणीसशे एकोणऐंशी साली, आखातातल्या एका विमानतळावर, हातातला व्हिसा खरा आहे म्हणून. तिथं कुणाचाच विश्वास बसला नाही.

हुसेन फौंड्रीत कामाला होता. विमानात शेजारी इचलकरंजीचा गुंडू भेटला, यंत्रमागावरचा कामगार. दोघांचा एजंट एकच, त्यामुळे व्हिसेही सारखेच खोटे. तिथल्या साहेबांनी दोघांना बिनखिडकीच्या खोलीत बसवलं आणि संध्याकाळच्या विमानानं परत जायचं म्हणून सांगितलं.

हुसेन गप बसला. गुंडू बसला नाही. बायकोचे सोन्याचे डाग मोडून आलोय, मोकळ्या हातानं जाणार न्हाई, म्हणत त्यानं दाराची चौकट धरली. पहारेकऱ्यांनी त्याचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं.

धप्प...

धप्प...

तिसरा आवाज ओला आला.

तिथला नियम सरळ होता. ज्या विमान कंपनीनं माणूस आणला, तिनंच तो परत न्यायचा. जिवंत न्यायचा, असं नियमात नव्हतं.

गुंडूला टोपी घातली, विमानात हुसेनशेजारी बसवला, पट्टा आवळला. झोपलाय, असं खुणेनं सांगितलं. वाटेत त्याचं डोकं हुसेनच्या खांद्यावर कलंडलं. खांदा भिजत गेला. हुसेननं डोळे मिटले ते मुंबई आल्यावर उघडले...

शेजारची जागा रिकामी होती.

पट्टा तसाच आवळलेला.

हुसेननं मुंबईच्या साहेबांना सगळं सांगितलं. जो तिकडं आत गेला नाही आणि इकडं उतरला नाही, तो आमच्या कक्षेत येत नाही, असं साहेब म्हणाले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुसेन पेठेत पोचला. बायको कुलसुम भाकरतुकडा घेऊन दारात आली. नवऱ्यावरून ओवाळून टाकला आणि त्याच्या मागं बघत पदर सावरला.

"या की पावणं. भाईर का हुबा ऱ्हायलासा?"

हुसेननं वळून पाहिलं. गल्लीत कुणीच नव्हतं...

पण त्याला खांद्यानं बाजूला सारून कुणीतरी आत गेलं.

आमच्याकडं दारातल्या माणसाला कोण, कुठला हे आधी विचारत नाहीत. आधी आत घेतात. एवढ्या मोठ्या प्रवासात गुंडूला पहिल्यांदाच कुणीतरी आत घेतलं होतं.

त्या दिवसापासून माजघराची भिंत वाजू लागली. धप्प... गिलावा पडला. आतल्या विटा ओल्या निघाल्या. शेवटी कुलसुमनं हात जोडले. पावणं, लई झालं, आता निघा, म्हणाली.

आवाज थांबला...

मग तिचे केस मागं ओढले गेले. हुसेन धावेपर्यंत तिचं तोंड दोनदा भिंतीवर आपटलं होतं. खाली दोन दात पडले. मानेवर हात कुणाचेच नव्हते. बोटांचे खळगे तेवढे रुतत जाताना दिसत होते.

"ऱ्हा बाबा, ऱ्हा," हुसेन म्हणाला. "कोण न्हाई घालवत तुला."

केस सुटले.

अशानं कुलसुम वाचायची नाही, हे हुसेनला कळलं. दुसऱ्या दिवशी तो भिंतीला म्हणाला, चल गुंडू, तुझ्या घरी पोचवतो. एसटी खच्चून भरली होती, तरी त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. खांदा भिजला.

इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गुंडूची बायको बनाबाई दारात आली. हुसेननं तोंड उघडायच्या आत तिनं त्याच्या खांद्यामागं पाहिलं. ती पांढरीफटक पडली.

"ह्ये आमचं न्हवं," ती म्हणाली. "तुमी आणलंय, तुमीच परत न्या."

तिला तो नियम कुणी सांगितला कोण जाणे. तिनं आत जाऊन कडी घातली.

माग चालूच होते. तरीही आतला आवाज हुसेनला ओळखू आला...

धप्प...

शेजाऱ्यांनी दार फोडलं. बनाबाई वाचली, डावा डोळा गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

परतीच्या एसटीत खांदा पुन्हा भिजला.

हुसेन अजून भिंतीला टेकून बसत नाही. त्या घरात कुणी कुणाला 'जा' म्हणत नाही. कुलसुम रोज एक ताट जास्तीचं वाढते.

मटण असलं तर पावणा पांढरा रस्सा घेतो. तांबड्याला हात लावत नाही.