आतले टाके

शिवांजलीनं गोधडी शिवायला घेतली ती हौसेपेक्षा हट्टानं. दुसऱ्या बाळंतपणाला नळदुर्गला माहेरी गेलेली तिची वहिनी महेश्वरी फोनवर हसत म्हणाली होती, "नववीच्या पोरींना मोबाईल येतोय, सुई कुठली येतीय!" झालं. शिवांजलीनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की सोमवारी तुम्ही बाळाला घेऊन जळकोटला याल तेव्हा श्रीनाथ स्वतःच्या पलंगावर, माझ्या हातच्या गोधडीत झोपलेला असेल. बघाच.

श्रीनाथ तिचा भाचा, वय वर्षं तीन. आईच्या कुशीतली जागा आता बाळाला जाणार म्हणून दादानं सुताराकडून त्याच्यासाठी छोटा पलंग करून आणला होता. श्रीनाथ त्यावर उड्या मारायचा, खाली शिरून कुत्रं व्हायचा, पण झोप म्हटलं की भोकाड. शेवटी कबूल झाला, "आत्याची गोदडी आली की झोपतो." म्हणजे अख्खं घर त्या गोधडीवर येऊन थांबलं होतं.

मंगळवारी शाळेतून आल्या आल्या तिनं पुढच्या खोलीत शहाबादी फरशीवर सगळं मांडलं. आत आईच्या दोन विरलेल्या सुती साड्या, वर ठिगळं. दादाचा शर्ट, आईचं पोलकं, स्वतःचा सहावीतला चौकटीचा स्कर्ट. एकूण एक ठिगळ घरातलं, ओळखीचं. चारी बाजू शिवून बंद केल्या की काठापासून आत आत टाके घालत जायचं. चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, आणि मधोमध पोचलं की संपलं. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी तिचे चार चौकोन झाले. बोटाला तीन भोकं पडली होती, पण ती स्वतःवर भलतीच खूश होती.

गुरुवारी शाळेतून येऊन बघते, तर गोधडीच्या मधोमध टाक्यांचा एक चौकोन होता. तळहाताएवढा.

तिचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे. हे खसखशीएवढे.

"आई! हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

आई चुलीपुढून ओरडली, "मला सुईचं नेढं दिसत न्हाय अन् मी टाकं घालीन व्हय? सकाळधरनं हरभऱ्यात व्हते मी!"

"मग कोण घालून गेलं? आणि मधून सुरुवात करतं का कुणी? सगळा कपडा फुगून बसतो!"

"मला काय विचारतीस? उसव की."

उसवायला पाऊण तास गेला. इतके बारीक टाके, की कात्रीचं टोक शिरेना. विज्ञानाची वही तशीच राहिली. शुक्रवारी परत मधोमध चौकोन. या वेळी तीन, एकाभोवती एक. ती इतकी भडकली, की शनिवारी खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालूनच शाळेत गेली. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणाली, घरात उंदीर झालेत, शिवणारे.

शनिवारी शाळा अर्धी. साडेअकराला कुलूप उघडलं. सात चौकोन.

ती बाहेरून आत चालली होती आणि ते आतून बाहेर येत होते. मध्ये वीतभर जागा उरली होती.

श्रीनाथ येऊन गोधडीवर पालथा पडला. कान टेकवून खुदकन हसला. "आत्या, टुक टुक वाजतंय."

"ऊठ आधी. मळवशील."

तरी तिनं कान लावलाच. हायवेवरून ट्रक गेला, मांडणीतली भांडी थरथरली. ट्रक लांब गेला. मग ताणलेल्या कापडातून सुई निघताना होतो, तेवढाच आवाज आला. एकदाच.

तिनं शेजारच्या शरणम्माकाकूंना हाक मारली. काकू अक्कलकोटकडच्या. चाळीस वर्षं गोधड्या शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, आणि दुसऱ्याच्या शिवणाला नाक मुरडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"अय्यो, शिवा! हे काठाचे टाके हाय का ट्रॅक्टरचे चाक गेले?"

"माझं असू द्या हो. हे मधले बघा. तीन दिवस डोकं फिरलंय माझं."

काकूंनी चष्मा लावला. हसू गेलं. "गाठ कुठं हाय याची?"

दोघींनी गोधडी उलटी केली, सुलटी केली. गाठ ना वर, ना खाली.

"घास घातलास का आत?"

"कसला घास?"

"चौथी बाजू शिवायच्या आधी भाकरीचा तुकडा ठेवतात ना गं आत. लेकराच्या गोधडीला तर पहिला."

"आई म्हणाली होती. पण काकू, मुंग्या होतात! परवाच साखरेच्या डब्यात..."

"मुंग्या म्हणे!" काकू एकदम चिडल्या. मग आवाज खाली आला. "रिकामं पोट शिवू नये, बाळ. आत्ता उसव एक बाजू. आत्ता घाल."

चहा न घेताच त्या गेल्या. जाताना श्रीनाथला उचलून अंगणात नेऊन ठेवलं.

शिवांजलीला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. भाकरी खाणारी गोधडी! पण तिनं पायाकडची बाजू वीतभर उसवली, दुरडीतून भाकरीचा तुकडा मोडला आणि थरांच्या मधून हात आत सारला. कोपरापर्यंत. आत कापड कोमट लागलं.

बोटांना गाठी लागल्या.

बारीक, कडक, ओळीनं. प्रत्येक चौकोनाची एकेक. सगळ्या आतल्या बाजूला.

तिनं तुकडा तिथंच सोडला, हात काढला आणि घाईघाईनं बाजू शिवून टाकली. टाके वाकडे पडले. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

रविवारी सकाळी तुकडा गोधडीच्या वर होता. बरोबर मधोमध, वाळून कडक झालेला. त्याला एक मुंगी लागली नव्हती. पायाकडचे तिचे वाकडे टाके होते तसेच होते.

तेव्हा तिला भीती नाही वाटली, संतापच आला. पाच दिवस! बोटांची चाळण, विज्ञानाच्या वहीत लाल शेरा, आणि वर हे! तिनं गोधडी अंगणातल्या उन्हात आणली, कात्री घेतली आणि फाडफाड फाडली.

"अगं ए, येड लागलं का?" आई धावत आली.

"लागलं! नाही घालायची मला ही श्रीच्या अंगावर!"

आत काही नव्हतं. आईच्या साड्या, बस्स. ठिगळं वेगळी झाली, दोऱ्यांचा भुगा झाला. सगळं तिनं सोड्याच्या पाण्यात बुडवून टाकलं. मग वहिनीला फोन लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून म्हणाली, "वहिनी, नाही जमलं मला."

"असू दे गं. तुझ्या दादाला सांग एखादं ब्लँकेट आणायला. श्री झोपला म्हणजे झालं."

दादानं संध्याकाळी तुळजापूरहून मऊ निळं ब्लँकेट आणलं. मशीनचं, वर पांढरे ससे. श्रीनाथला गोधडीची आठवणसुद्धा आली नाही. सोमवारी दुपारी वरण-भात खाऊन तो आपण होऊन पलंगावर चढला, सशांवरून हात फिरवत पाच मिनिटांत झोपला. घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. वहिनी येणार म्हणून शाळा बुडवलेली शिवांजली उंबऱ्यात अभ्यासाला बसली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं.

चार वाजता दारात जीप थांबली. आई भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं झाली. बाळाचं रडणं ऐकू आलं, पाठोपाठ वहिनीची हाक, "श्री! बघ कोण आलंय!"

"आणते उठवून!" शिवांजली आत पळाली.

श्रीनाथ गाढ झोपला होता. गळ्यापर्यंत ब्लँकेट. श्वास शांत.

तिनं ब्लँकेट ओढलं. ते आलं नाही.

गादीच्या कडेला अडकलं असेल म्हणून तिनं जोर लावला. खालची चादरच वर आली.

ती वाकली.

ब्लँकेट चादरीला शिवलेलं होतं. पायाकडून. डावीकडून. उजवीकडून. टाके खसखशीएवढे, एकसारखे. श्रीनाथ मध्ये.

"शिवा, उठला का गं?" बाहेरून वहिनी.

डोक्याकडची बाजू तेवढी उघडी होती. तिथं दोन टाके पडले होते.

दुसऱ्या टाक्यातून दोरा लोंबत होता. तिनं त्याला बोट लावलं. सुईत ओवण्याआधी ओठांत धरतात, तसं त्याचं टोक ओलं होतं.